चार नोव्हेंबरनंतरचे आठ दिवस

वुडलँड्स, सिंगापूर
सोमवार, १४ जुलै २०२५

चि. मैत्रेयी,

पत्र लिहायला उशीर झाला. थोडाथोडका नाही, चार वर्षांचा. माफी आधीच मागून घेतो, नाहीतर पुढचं लिहिता लिहिता ती राहून जाईल. फोन तू उचलत नाहीस ते बरोबरच आहे. फोनवर मी मुद्द्याचं सोडतो आणि पनवेलला पाऊस किती झाला ते विचारत बसतो.

हे पत्र तुझा दादा स्कॅन करून मेलनं पाठवील. मी त्याला सांगितलं, क्षितिज, वाचायचं नाही. तो म्हणाला, "बाबा, तुमचं अक्षर वाचायला मला ऑफिसातून रजा काढावी लागेल." पानं उलटसुलट लागली तर नंबर घातलेत ते बघ. वर उजव्या कोपऱ्यात घातलेत. दोनदा तपासले.

काल जेवताना क्षितिजनं सांगितलं की तुला तुझ्या जुन्या कंपनीचा मेल आलाय. सेकंड इंजिनिअरची जागा, आणि जहाज तेच, ज्यावर तुझा हात भाजला होता ते. महिनाअखेरीला ते इथं तुआसला ड्राय डॉकमध्ये दुरुस्तीला येणार आणि तिथूनच तुला चढायचंय. एकतीस तारखेपर्यंत उत्तर हवं, आणि उत्तरासोबत मनाच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट. तू म्हणे दादाला म्हणालीस, "चार वर्षं पोरांना इंजिन शिकवतेय, आणि हे मला विचारतात डोकं ठिकाणावर आहे का? नाही म्हणून कळवते." हे असलं सर्टिफिकेट तुझ्याकडेच का मागतात ते तुला कळत नाही, असंही तू म्हणालीस. मी म्हटलं, ऑफिसचं ऑफिसला माहीत. आणि भात मागून घेतला.

खरं म्हणजे आज लिहायला बसलो तो क्षितिजच्या किमयामुळे. तिला शाळेत एक विषय दिलाय. एकदा जाऊन आलेलं अवकाशयान माणसांना घेऊन पुन्हा कसं जातं, त्याची सुरुवात कशी झाली. तिनं हल्लीची ती घंटेसारखी दिसणारी यानं गोळा केली होती. मी म्हटलं, हे सगळं नंतरचं. पहिल्यांदा झालं ते एक्क्याऐंशी साली, तेव्हा तुझा आजोबा इथंच एका जहाजाच्या इंजिनाखाली पडून फिल्टर धूत होता.

आणि मग मी तिला सांगत बसलो. त्याआधी माणसं नेलेलं यान एकदा जायचं, परत यायचं आणि म्युझियममध्ये बसायचं. हे पहिलंच असं की एप्रिलमध्ये दोन माणसं घेऊन वर गेलं आणि सुकलेल्या तळ्यावर विमानासारखं चाकांवर उतरलं. आधी रिकामं पाठवून बघण्याची भानगडच नाही, पहिल्याच फेरीला माणसं. अंगावरच्या सोळा फरशा गळून पडल्या होत्या. त्या पुन्हा बसवल्या आणि नोव्हेंबरात तेच यान परत उभं केलं. किमयाला मी म्हटलं, नवं जहाज कुणीही नेतं. खरी परीक्षा दुसऱ्या फेरीची. एकदा भाजून आलेल्या वस्तूच्या आत काय उरलंय हे बघता आलं पाहिजे, आणि बघितल्यावर तिच्यावर भरवसा ठेवता आला पाहिजे.

चार नोव्हेंबरला एकतीस सेकंद उरले असताना मोजणी थांबली. आमचा फोरमन, म्हातारा तान, दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन इंजिनरूममध्ये उतरला आणि वरूनच ओरडला, "फिल्टर चोक! रघू, युवर डिपार्टमेंट!" सातवी शिकलेला मी. पण त्या दिवशी असं वाटलं की अख्ख्या जगाला थांबवणारी वस्तू माझ्या हातात आहे.

किमया म्हणाली, "देन?"

मी म्हटलं, मग काय? थांबले.

तिनं टॅब्लेटवर बघितलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत उसळलीच. "आजोबा! बाराला गेले ना! यू टेल हाफ ओन्ली लाह!"

तुझी आई आतून म्हणाली, "त्यांना अर्धीच येते. मैतूलाही अर्धीच सांगितली."

उरलेली अर्धीसुद्धा मला येते. तेच लिहायला बसलो होतो, पण आता हात दुखतोय. राहिलेलं दोन दिवसांनी लिहितो. तोवर ऑफिसला काही कळवू नकोस.

बाबा


गुरुवार, १७ जुलै

चि. मैत्रेयी,

सोमवारी हात दुखत नव्हता.

मागचं पत्र तू वाचलंस, अशी पोच दादाच्या फोनवर आलीय म्हणे. उत्तर नाही. नसू दे. यापुढचं वाचून झालं की कदाचित तुला उत्तर द्यावंसंच वाटणार नाही, तरी लिहितो.

तुझ्याकडे सर्टिफिकेट मागतात त्याचं कारण मी आहे.

चार वर्षांपूर्वी तुझा हात बरा झाला. डॉक्टरनं फिट म्हणून लिहून दिलं. कंपनीनं तुला त्याच जहाजावर सेकंड इंजिनिअर म्हणून बढती दिली. बॅग भरून तू दाराशी ठेवलीस. त्या दिवशी दुपारी तू बूट घ्यायला गेली होतीस आणि आई झोपली होती. मी दिलीप राणेंना फोन लावला. तेच, कंपनीचे सुपरिंटेंडेंट. जहाजदुरुस्तीच्या यार्डात कोवळे अप्रेंटिस म्हणून आले तेव्हा पहिला पाना मी त्यांच्या हातात दिला होता, म्हणून माझा शब्द ते मानतात. मी त्यांना सांगितलं की पोरगी दाखवत नाही, पण आतून घाबरलीय. घरात कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. तिला पाठवू नका, आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.

कुकरच्या शिट्टीला दचकायचो मी. तू त्या वेळी डाव्या हातानं कांदे चिरत गाणं म्हणत असायचीस.

तेलाची पाइप फुटली तेव्हा गरम तेल अंगावर येत असताना तू आधी व्हॉल्व्ह बंद केलास आणि मग वर आलीस. हे मला तुझ्या चीफ इंजिनिअरनं स्वतः सांगितलं होतं. तो कौतुकानं सांगत होता. मला फक्त "तेल अंगावर येत असताना" एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसनं कळवलं की तुझ्या जागी दुसरा माणूस नेमलाय. तू ताटावर बसलेली होतीस. मी म्हटलं, बरं झालं. तू ताट ढकललंस. पुढे चार दिवसांनी पनवेलच्या त्या ट्रेनिंग कॉलेजची नोकरी धरलीस. तुला वाटलं कंपनीचा तुझ्यावर भरवसा नाही आणि बापाला त्याचा आनंद झालाय. आनंद झाला होता, हे खरंच.

आता ती अर्धी गोष्ट. तू सात वर्षांची असताना पोहण्याच्या तलावावर उंच फळीवर चढलीस. मी खालून ओरडलो, थांब! आणि तुला उतरवून ही गोष्ट सांगितली. एवढी मोठी माणसं, एकतीस सेकंद उरले होते, तरी थांबली. तू मान हलवलीस. मला वाटलं, हे फार कामाचं औषध आहे. मग सायकलला तीच गोष्ट, शाळेच्या उबिन बेटावरच्या कॅम्पला तीच, मरीन इंजिनिअरिंगला नाव घालायच्या वेळी तीच. दरवेळी चार नोव्हेंबरलाच मी गोष्ट संपवायचो. तू पनवेलला जाताना लिफ्टपाशी म्हणालीस, "बाबा, ते यान आठ दिवसांनी गेलं. मी शाळेत असतानाच वाचलंय. तुम्ही कधीतरी आपणहून सांगाल म्हणून थांबले होते." मी लिफ्टचं बटण दाबत राहिलो, जसं काही ऐकूच आलं नाही.

आलं होतं. म्हणून ते आठ दिवस आज सांगतो. यात मला कुणाला विचारावं लागत नाही, हे माझं काम आहे.

मोजणी आधी भलत्याच कारणानं थांबली होती, प्राणवायूच्या टाकीचा दाब कमी दिसला म्हणून. थांबल्यावर बघतात तर दुसरीकडे, यानाचे पंख हलवणाऱ्या तीन यंत्रांपैकी दोहोंत तेलाचा दाब नको तेवढा चढलेला. बघायला गेलं की असंच होतं, शोधायचं एक आणि सापडायचं दुसरंच. इंधन सीलमधून झिरपून तेलात गेलं होतं. त्याचा मेणासारखा गाळ झाला आणि फिल्टर बुजले. मग त्यांनी काय केलं? घाबरून यान म्युझियममध्ये नेलं? तेल काढलं, आतून धुतलं, नवं तेल भरलं, नवे फिल्टर बसवले. आपण करतो तेच. आणि बारा तारखेला दोन माणसं त्यात बसून गेली. माणसं नेलेलं यान दुसऱ्यांदा वर जाण्याची ती जगातली पहिली वेळ. पाच दिवस राहायचं होतं, पण वीज देणारा एक संच बंद पडला, म्हणून दोन दिवसांतच आले. आले, आणि नीट आले.

थांबणं हा कामाचा भाग आहे, काम नव्हे. एवढं मला बत्तीस वर्षं यार्डात माहीत होतं. घरात आलं की विसरायचो.

तुला खोटा धीर देत नाही. तेच यान पुढे अठ्ठाविसाव्या फेरीत परत येताना तुटलं आणि सात माणसं गेली. त्या बातमीनंतर मी महिनाभर ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. किमयानंही ते वाचलंय. तिनं विचारलं, मग पहिल्यांदाच थांबले असते तर? पण मधल्या फेऱ्यांमधून जे जाऊन आले, त्यांचं जाणं चूक होतं असं मी म्हणू शकत नाही.

दिलीप राणेंना भेटायला जाणार आहे. फोनवर नाही, समोर. फोनवर मी काय करतो ते तुला आता माहीत झालं.

बाबा


मंगळवार, २२ जुलै

चि. मैत्रेयी,

दिलीप राणेंना भेटून आलो. जसं झालं तसं लिहितो.

सेरंगूनला मॉलच्या मागे त्यांच्या घराजवळ खायच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर आहे. दहाची वेळ ठरली होती, मी साडेआठलाच पोचलो. गाडी चुकली तर, म्हणून. दोन कॉफ्या झाल्या, तिसरी मागवली.

ते आले तेच हसत. "रघुवीरभाऊ! एवढ्या लांब? गुडघे काय म्हणतात?"

मी म्हटलं, गुडघ्यांचं राहू द्या. मैत्रेयीबद्दल मी तुम्हाला फोनवर सांगितलं ते खोटं होतं.

त्यांना आधी कळलंच नाही. "कुठला फोन?" मी सगळं सांगितलं. कुकरची शिट्टीसुद्धा. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे ती घाबरलेली नव्हती?"

"मी घाबरलो होतो."

"अहो, तुमच्या त्या एका फोनवर मी तिच्या फाइलवर शेरा मारलाय! समुद्रावर पाठवण्याआधी मनाची तपासणी करावी, म्हणून. तो शेरा अजून आहे. म्हणून तर आत्ता सर्टिफिकेट मागितलं. मला वाटलं, बाप सांगतोय. बाप कशाला खोटं बोलेल?"

मी म्हटलं, बापच बोलतो. परक्याला काय पडलंय?

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. शेजारच्या टेबलावरची बाई आमच्याकडे बघायला लागली. मग म्हणाले, "मी तिला स्वतः विचारायला हवं होतं. एक फोन करायला हवा होता. तिच्या जागी मुलगा असता तर मी बापाचं ऐकून शेरा मारला असता का, हे आता माझं मला विचारायला लागणार." हे मी तुला मुद्दाम लिहितोय, कारण ते तुला हे तोंडावर सांगतील की नाही ठाऊक नाही.

मी म्हटलं, शेरा पुसा.

"पुसता येत नाही, भाऊ. शाळेची पाटी आहे का? त्याच्याखाली दुसरा लिहावा लागेल, आणि तो का लिहिला त्याला कागद लागेल. तुमच्या सहीचा."

माझं इंग्रजी तुला माहीत आहे. ते म्हणाले, मराठीत लिहा, खाली मी इंग्रजीत उतरवतो. त्यांच्या पिशवीत कागद होता. मी लिहिलं की मी रघुवीर, मैत्रेयीचा बाप, अमुक साली अमुक बोललो, ते खोटं आहे, माझी मुलगी घाबरलेली नव्हती, तिला ठाऊक नसताना मी हे केलं. चार ओळींना अर्धा तास लागला. सही करताना मी पेन दोनदा टेकवून पुन्हा उचललं. तर ते म्हणाले, "सावकाश. घाई नाही. चार वर्षं थांबलोय." हा टोमणा होता. मी घेतला.

निघताना मी सवयीनं तोंड उघडलं. म्हटलं, त्या जहाजाच्या जनरेटरच्या पाइपा या डॉकिंगला बदलणार ना? नुसत्या दुरुस्त करून चालणार नाही. मी येऊन एकदा...

ते उठून उभे राहिले. "भाऊ, एक सांगतो, राग मानू नका. त्या जहाजाबद्दल जे विचारायचं ते मैत्रेयी विचारील. तिला सगळी यादी पाठवतो. तुम्हाला नाही."

मला राग आला. मग MRTच्या गाडीत बसलो आणि बिशानला गाडी बदलेपर्यंत गेला. माणूस बरोबर बोलला.

आईला अजून सांगितलेलं नव्हतं, ते घरी आल्यावर सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल. ती गवार मोडत होती, ती मोडतच राहिली. सगळी मोडून झाल्यावर म्हणाली, "चार वर्षं मी त्या पोरीला फोनवर सांगतेय, अगं बाबांना तुझी काळजी वाटते, एवढं धरून बसू नकोस. आणि ती मला म्हणतेय, आई, तुला कळत नाही. मला खरंच कळत नव्हतं." मग विचारलं, "तिला लिहिलंत?" मी हो म्हटलं. "सगळं?" सगळं. "मग जेवायला बसा," म्हणाली. वाढलं, पण स्वतः माझ्याबरोबर बसली नाही. आज तिसरा दिवस, ती किमयाबरोबर जेवते.

हे तुझ्या कानावर घालतोय ते तू मध्ये पडावंस म्हणून नाही. जे झालं ते झालं म्हणून.

बाबा


शनिवार, २६ जुलै

चि. मैत्रेयी,

दिलीप राणेंचा क्षितिजला फोन आला होता. फाइलवर दुसरा शेरा गेला, माझा कागद त्याला जोडला, आणि तुला नवा मेल पाठवलाय. त्यात सर्टिफिकेटचा उल्लेख नाही. डॉक्टरची नेहमीची तपासणी, जी सगळ्यांना असते, तेवढीच. डॉकमध्ये काय काय बदलणार त्याची यादीही पाठवलीय म्हणाले. मी ती मागितली नाही. क्षितिजनं मला दाखवू का विचारलं, मी नको म्हटलं. हे लिहायला बरं वाटतंय, पण फार कठीण गेलं. यादीत पाइपा असतील का, हा विचार चहा घेताना आला, आंघोळीला आला, आत्ताही आहे. तू बघशील. तुझ्याइतकं माझ्या घरात कुणाला बघता येत नाही, मलाही नाही. मला फिल्टर धुता येतो. तुला अख्खं इंजिन कळतं.

किमयानं शाळेत तो विषय मांडला. चार नोव्हेंबर सांगितला, बारा सांगितला, आणि पुढे तुटलं तेही सांगितलं. बाईंनी विचारलं, यातून तुला काय वाटतं? ती म्हणाली, ज्यांना जायचं होतं त्यांनाच सगळ्यात जास्त प्रश्न विचारायला मिळायला हवेत. मी तिला विचारलं, हे कुठं वाचलंस? म्हणाली, "नोव्हेअर. आत्या सेड. ऑन द फोन."

म्हणजे तू तिच्याशी बोलतेस. ते मला माहीत नव्हतं. बरं वाटलं.

आता माझं एवढंच राहिलं. जा असं मी म्हणणार नाही. त्या जहाजावर तू चाललीस हे नुसतं डोळ्यांसमोर आणलं तरी मला घाम येतो. खोटं कशाला लिहू? जाऊ नकोस असंही म्हणणार नाही. तसं म्हणण्याचा माझा हक्क मी त्या दुपारी फोनवर खर्च करून टाकला. तू पनवेललाच राहिलीस, तर ते शिकवणं आवडतं म्हणून राहा. आम्ही तुला भित्री ठरवलं म्हणून राहू नकोस. आणि गेलीस, तर कुणाला दाखवून द्यायला जाऊ नकोस. मी इथं भीत बसेन. ते मला चांगलं जमतं आणि त्यात तुझी काही मदत लागत नाही.

एकतीसला पाच दिवस उरलेत. काय ठरवलंस ते आधी ऑफिसला कळव. मला विचारू नकोस, दादाला विचारू नकोस, आईलाही नको. ऑफिसला कळवून झालं, आता बदलता येत नाही असं झालं, की मग मला सांग. हो असो, नाही असो, नुसत्या शिव्या असोत, एक ओळ पुरे. आईच्या फोनवर पाठवलीस तरी चालेल, ती वाचून दाखवील. त्या निमित्तानं ती माझ्याशी बोलेल तरी.

पण पाठव. मला सगळ्यात शेवटी कळव, पण लवकर कळव.

तुझे,
बाबा